चिंबोरीवालीचे तळवे

टेमघरच्या आमच्या संघात मी डाव्या कोपऱ्यात कबड्डी खेळायचे. पकडलेला पाय सोडायचा नाही, एवढंच मला येत होतं. कॉलेजच्या रोइंग टीममध्ये गेले तेव्हा वल्हंही मी तसंच पकडलं. आठवड्याभरात दोन्ही तळवे फोडांनी भरले आणि निवड चाचणी तर चार दिवसांवर आलेली.

सरावाला आम्ही खाडीत उतरायचो, तिथं एक बाई रोज दिसायची. म्हणजे तिला ओलांडून गेल्यावरच दिसायची, कारण रोइंगमध्ये जायचं तिकडे पाठ करून बसतात. ती मात्र तोंड पुढे करून, होडीत चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, टोपली ठेवून, निवांत वल्हवत असायची. आमचं उलटं बसणं बघून तिला रोज नव्यानं हसू फुटायचं.

त्या सकाळी मी काठावर तळव्यांवर फुंकर घालत बसले होते. तिनं होडी लावली, माझे हात बघितले आणि स्वतःचे पुढे केले. केस पिकले होते तिचे, पण तळव्यांवर एकही फोड नव्हता.

"वल्हा काय पलून जानार न्हाय, पोरी," ती म्हणाली. "कशाला त्याचा गला धरतंस? सैल धर."

चाचणीत मी सैल धरलं. पकडण्यापेक्षा ते कितीतरी अवघड होतं. आमची बोट सुसाट पुढे गेली आणि मागे ती दिसली. मला बघताच तिनं भर खाडीत दोन्ही वल्ही सोडून दिली आणि रिकामे तळवे उंच करून दाखवले.

होडी तिची तरीही सरळच चालली होती.