आईचं माहेर आणि शैलाची सायकल

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही. आलात तर मी दुसरंच काहीतरी बोलेन — हवापाण्याचं, रस्त्यांचं, संभाजीनगरला नळाला किती दिवसांनी पाणी येतं त्याचं. हे मात्र आजवर तोंडातून निघालेलं नाही. मुलीला नाही, मित्रांना नाही. अन् जिला सांगायला पाहिजे, ती बायको या घडीला आत भाजी निवडतेय.

शैला तिचं नाव. तिचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बोलता बोलता मी तिच्यावरच काहीतरी ढकलीन. सवय आहे मला.

टाळेबंदीचे दिवस आठवतात ना? सुरुवातीला सगळेच कोंडलेले होते, तेव्हा मला काही वाटलं नाही. सगळ्यांचं जे होईल ते आपलं. मग पावसाळ्यात थोडी सूट मिळाली — सकाळी ठरलेल्या वेळेत पायी फिरा, सायकल चालवा, नऊच्या आत घरात. कॉलनीतले लोक दावं सोडल्यासारखे बाहेर पडले. मी नाही. मला साखर, वर छातीत स्टेंट. डॉक्टरनं फोनवरच दम भरला होता, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि आमच्या घरात फिरणारा कोण होता? मी! हिमायत बागेत रोज पहाटे आमचा ग्रुप असायचा, त्यात सगळ्यात पुढं मी. शैलाला सांगून सांगून थकलो, चल म्हणून. ती म्हणायची, डबा कोण करील?

तर ती निघाली. मुलगी पुण्याला गेल्यापासून जिन्याखाली पडलेली सायकल तिनं पुसली, हवा भरली, अन् निघाली. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. मी गॅलरीतून हसलो. आठवड्यानं हर्सूलच्या तलावापर्यंत. मग छावणी ओलांडून पडेगाव. आणि एक दिवस आली ती घामानं डबडबलेली, पंजाबी ड्रेसला चिखल, चेहरा लालबुंद — लग्नात पण अशी दिसली नव्हती. म्हणाली, "दौलताबादला जाऊन आले."

मी काय म्हणालो असेन? "उशीर झाला, नऊ वाजून गेले."

पण आई खुर्चीतून अर्धी उठली. माझी आई दौलताबादची. किल्ल्याखाली त्यांचा मळा होता, सीताफळीचा. मामांनी तो कधीच विकून टाकला, मामाही गेले, मग तिचं जाणं संपलं. त्या वेळेला ती ऐंशीच्या पुढं होती, गुडघे कामातून गेलेले. तिनं शैलाला विचारलं, "मळ्याकडं गेल्तीस का? विहिरीवर चिंच होती. हाय का गं?"

शैलाला कुठं माहिती मळा! आईनं खाणाखुणा सांगितल्या, अन् दोन दिवसांनी शैला तो शोधून आली. चिंच आहे म्हणाली. विहीर बुजवलीय, पण चिंच आहे.

त्या दिवसापासून त्यांचं सुरू झालं. शैला आली की फाटकाशीच हातपाय धुवायची अन् ओट्यावर बसायची, आई जाळीच्या दाराच्या आत. शैला लांब बसली की आई चिडायची. "ये की जवळ. मला काय होतंय?" कशालाच न भिणारी बाई ती. शैला सांगायची — आज मळ्यात कोण होतं, ओढ्याला पाणी किती, किल्ल्यावर ढग कुठपर्यंत उतरले होते. आई एकातून दुसरं काढायची. चुलत्याच्या घराची भिंत, मारुतीच्या मागची वाट, ती लहानपणी कुठून पडली होती ते. हसायच्या दोघी. मी तिथंच पेपर धरून बसलेला असायचो. यातली एक गोष्ट तरी तिनं मला सांगितली होती का? साठीला टेकलो मी. ऑफिसच्या पाहुण्यांना घेऊन कितीदा तो किल्ला चढलोय, त्या मळ्यावरूनच गाडी गेली असेल. आईला कधी विचारलं नाही, येतेस का म्हणून. आता कुणी तिला तिथलं येऊन सांगितलं, तर माझ्या पोटात का दुखावं?

दुखलं. खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला माझा. नुसता बाहेर पडायला मिळत नाही म्हणून असता तर समजलं असतं. पण आई सकाळी लवकर वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून बसायची अन् रस्त्याकडं बघत मला विचारायची, "आली का?" मी समोर बसलेलो, माझ्याकडं कोण बघतंय? बायको माझी, आई माझी, तो रस्तासुद्धा माझा — अन् तिघं मिळून मला सोडून कुठंतरी चालले होते. एकदा मी चाकातली हवा सोडली. शैलानं पंप घेतला अन् भरली. तिला वाटलं, जुनी ट्यूब आहे.

मग सीताफळाचे दिवस आले. मळ्याच्या नव्या मालकाला शैलानं सगळं सांगितलं असणार, त्यानं तिला चार सीताफळं दिली, त्याच झाडांची. त्या वेळी आपण सगळंच मिठाच्या पाण्यात बुडवत होतो, पण आईनं बुडवू दिली नाहीत. ओच्यात घेऊन बसली. वास घेतला. मग एक फोडून अर्धं शैलाला दिलं, अर्धं आपण खाल्लं, बिया मोजल्यासारख्या तळहातावर ठेवल्या. मी हात पुढं केला. आई म्हणाली, "तुला साखर हाय. तू नको."

बरोबरच होतं तिचं. पण मला ते बोचलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन मी शैलाला म्हणालो, "आईला भीती वाटते. तू इतक्या लोकांत फिरून येतेस, तिच्याजवळ बसतेस. तुला तोंडावर सांगवत नाही तिला."

शैला पोळी लाटत होती. हात थांबला. "मला जवळ तर त्याच बोलवतात," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुझं मन राहावं म्हणून." कसं सुचलं बघा, जसं काही आधीपासून तयार होतं. तिनं पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "एवढंच ना? नाही जात आता सायकलवर."

आणि आई? आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "शैला थकलीय. तुझ्यासाठी रोज इतकं लांब जायचं म्हणजे... ती बोलत नाही, पण जीव मेटाकुटीला येतो तिचा." आई म्हणाली, "व्हय रं बापू, मी बी येडी. म्हातारीचे चोचले." बस्स.

मला वाटलं होतं, दोघी एकमेकींना विचारतील अन् मी उघडा पडेन. दोन दिवस धाकधूक होती. पण त्या दोघी चांगल्या होत्या हो. शैलाला वाटलं, सासूला तोंडावर पाडायचं कशाला. आईला वाटलं, सुनेला आणखी लाजवायचं कशाला. शैला आईच्या खोलीत मास्क लावून जायला लागली, ताट ठेवून लगेच बाहेर. आईला त्यात कंटाळा दिसला. आई काही बोलेना, शैलाला त्यात भीती दिसली. मला पुढं काही करावंच लागलं नाही.

आणि मला काय मिळालं? आई रस्त्याकडं बघायची बंद झाली. मला वाटलं, आता माझ्याशी बोलेल. बंदी उठल्यावर मी स्कूटर काढली, म्हटलं, मीच जाऊन येतो. मिटमिट्यापर्यंत गेलो, दौलताबादच्या अर्ध्या वाटेवर. चहा पिऊन परत आलो अन् सांगितलं, चिंच आहे, झकास आहे. तिनं एक सवालसुद्धा केला नाही. बरं म्हणाली.

ती वर्षा-दीड वर्षानं गेली, त्या आजारानं नाही, वयानं. शेवटी अंथरुणावर एकदा मला म्हणाली, "शैलीला इचारशील का, मळ्यात आता काय लावलंय? तिला फुरसत असंल तर. नायतर राहू दे." शैला बाहेर कपडे वाळत घालत होती, खिडकीतून दिसत होती. हाक मारली असती तर आली असती. मी आईला म्हणालो, "विचारतो." विचारलं नाही.

शैलानं परत कधी सायकल काढली नाही. आई होती तोवर तिच्या भीतीसाठी, अन् आई गेल्यावर, ती म्हणाली, आता कुणाला सांगायचंय येऊन. कामवाल्या बाईंच्या मुलीला ती देऊन टाकली.

गेल्या दिवाळीत माझी मावसबहीण आली होती. फराळ चालला होता, त्या दिवसांचा विषय निघाला. ती शैलाला म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर पार दौलताबादपर्यंत जायचात म्हणे. सोडलं का मग?" शैला तिच्या ताटलीत चकली वाढत होती. रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाली, "आमच्या आई फार भित्र्या होत्या हो. तोंडानं कधी बोलल्या नाहीत, पण मला जवळ बसवून घ्यायच्या अन् आतून भ्यायच्या. मला ते लागलं होतं थोडं."

बहिणीला नवल वाटलं. मावशी अन् भित्री? तिनं माझ्याकडं बघितलं. शैलानंही बघितलं.

मी म्हणालो, "व्हय. लई भित्री होती."