बंद न केलेलं पाणी

आई गेली त्या आठवड्यात मी उत्तर अटलांटिक समुद्रात गोडं पाणी सोडत होते. अर्थात संगणकात. हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर फुटून समुद्रात वितळले की तिथला उबदार प्रवाह बंद पडतो आणि काही दशकांत हवामान पालटतं; आपल्याकडचा पाऊसही कमी होतो. आम्हा संशोधकांना एवढंच पाहायचं होतं, की पाणी थांबल्यावर तो प्रवाह आपणहून पुन्हा सुरू होतो की नाही.

संगणकातला हा प्रयोग, आमच्या भाषेत रन, एकूण पाचशे वर्षांचा होता आणि तुकड्यातुकड्यांत चालायचा. पन्नास वर्षांचा एक तुकडा संपला की पुढचा आपोआप सुरू. दोनशे वर्षं झाली की पाण्याचा आकडा मी हाताने शून्य करायचा, असं ठरलं होतं. हे स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला आधीच देऊन ठेवलेल्या आज्ञांमध्ये, घालता आलं असतं, पण एका आकड्यासाठी कशाला, म्हणून राहू दिलं. तो दिवस आला तेव्हा मी साकेत नगरच्या हॉस्पिटलात होते. मृत्यूचा दाखला, गाडी, नागपूरहून येणाऱ्यांची सोय. रडू आलं नाही. नातेवाईक म्हणाले, खंबीर आहे.

तेरावा उरकून कामावर गेले तेव्हा रन संपलेला होता आणि प्रवाह बंदच होता. तो आपणहून परतत नाही, असा लेख मी लिहिला. छापूनही आला. त्याचंही काही वाटलं नाही.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच निकालावर उभं होतं. मुलगी आमच्याच शहरातल्या सोनागिरी वस्तीतली, वडील कारखान्यात फिटर. पुढच्या संशोधनासाठी तिला परदेशात जागा मिळाली होती. अट एकच, प्रबंध जूनअखेर जमा हवा. मे महिन्यात आकृत्या नव्याने काढता काढता ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"मॅडम, पाणी तर बंदच नाही झालं."

मी फाइल पाहिली. पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत तोच आकडा. मी पाचशे वर्षं पाणी ओतत होते आणि प्रवाह परतत नाही म्हणून सांगत होते.

तळटीप टाकून भागेल का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. घरी नवरा म्हणाला, हजारो वर्षांपूर्वीचं कोण तपासायला जातंय, आधी पोरीचं जमा होऊ दे. तो वीज खात्यात आहे; फाइल पुढे सरकली की काम झालं, असा त्याचा हिशोब. मी कणीक मळत होते, मळत राहिले.

सकाळी लेख मागे घेत असल्याचं पत्र नियतकालिकाला पाठवलं आणि रन पुन्हा लावला, या वेळी पाणी स्क्रिप्टमधूनच बंद होईल असा. तीन आठवडे लागले. पाणी थांबल्यावर काही दशकं काहीच झालं नाही. मग प्रवाह एकदम उसळला. आलेखाची रेघ भिंतीसारखी सरळ वर गेली. म्हणजे तिचं अख्खं प्रकरण उलटं झालं. ते जूनअखेर लिहून होणं शक्य नव्हतं.

ती जागा दुसऱ्या कुणाला दिल्याची मेल तिने मला येऊन दाखवली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "रागवायचं असेल तर रागव."

"राग नाही येत, मॅडम. काहीच नाही येत."

मी तिला खुर्ची ओढून दिली आणि आम्ही ते प्रकरण पहिल्या परिच्छेदापासून लिहायला घेतलं.