घराचं मी बघतो

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत यंदा एकांकिका होती. एकोणिसाव्या शतकात बोटीने एकटी अमेरिकेला येऊन डॉक्टर झालेल्या मराठी बाईची. तिच्या नवऱ्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तुला शोभेल रे," एकांकिका लिहिणाऱ्या काकू म्हणाल्या. मलाही पगडी घालून मिरवायची हौस होतीच, कशाला खोटं बोलू!

प्रॉम्प्टिंगला माझी बायको. तिला सगळ्यांचे संवाद पाठ. तिचं पाठांतर पहिल्यापासूनच जबरदस्त, नागपूरला एमबीबीएस झाली ती काय उगाच? इथल्या परीक्षा तिने पोटुशी असताना दिल्या. मुलगी दोन वर्षांची असताना तिला मिशिगनमध्ये रेसिडेन्सी मिळाली. तीन वर्षांचं ट्रेनिंग. ते केल्याशिवाय इथे डॉक्टरकी करता येत नाही. आणि मी शहाण्याने काय म्हणावं? "माझा जॉब इथे न्यू जर्सीत. पोरीचं कोण बघणार? पुढच्या वर्षी जवळपास कुठेतरी बघू ना यार!" तिने नकार कळवून टाकला. पुढच्या वर्षी काही मिळालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आता ती एका डेंटिस्टकडे फोन घेते. लिहितानाही लाज वाटते.

तर एकांकिका. शनिवारी दुपारी शाळेचा हॉल गच्च भरलेला. बोटीवर चढण्याआधी बाई रडत विचारते, "मागे घराचं कसं होईल?" त्यावर मी म्हणायचं, "तू शिक. घराचं मी बघतो." तालमीत हे वाक्य पन्नासदा धाडधाड म्हटलं होतं. पण ऐन वेळी माझी नजर विंगेत गेली. बायकोने स्क्रिप्ट मिटून ठेवलं होतं आणि माझ्याकडे बघत ती ओठ हलवत होती. मी उगाच पगडी सारखी करत राहिलो.

"घराचं मी बघतो," तिने हळूच सांगितलं. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने, की अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. लोक हसले. मग मी कसंबसं म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

घरी जाताना बायको ड्राइव्ह करत होती. मागून मुलगी चिडवायला लागली, "बाबा, इट वॉज द ईझिएस्ट लाइन!"

"त्याला ती आधीही म्हणता आली नव्हती," बायको म्हणाली आणि तिने वळायचा इंडिकेटर दिला.