मांदेलीने कधीच वर बघितलं नाही

मांदेली गेली आणि माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही.

आमची मांजर. आज सकाळी गेली, आईच्या पायपुसण्यावर. वय झालं होतं. शेवटी शेवटी तर पाणीसुद्धा चमच्याने पाजत होतो.

चाळीमागे आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. शेवग्याच्या बुंध्याभोवती तेवढी माती उरलीय. तिथेच पुरलं.
आईने वर मूठभर सुका जवळा, तिची आवडती सुकी मासळी, ठेवला. कावळे लगेच आले.
हाकलायचं त्राण नव्हतं. खाऊ दिला.

मग ताईला सोलापूरला फोन केला.

मांदेली खरं तर ताईची. एसटी स्टँडच्या मागे सापडलेलं पिल्लू तिनेच ओढणीत गुंडाळून आणलं होतं. वाटीतल्या मांदेली माशापेक्षा मोठं दिसत नव्हतं, म्हणून अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे नाव ठेवलं.

ताई रडली. मग म्हणाली, "एक तरी फोटो आहे का रे? हललेला पण चालेल."

मी म्हटलं, "बघतो."

काय बघणार होतो?

लग्न होऊन गेल्यापासून ताई दर फोनला हेच मागायची. "मांदेलीचा एक फोटो पाठव ना. चेहरा दिसेल असा."
मी दर वेळी म्हणायचो, "नीट आला की पाठवतो."

तो नीट कधी आलाच नाही.

मोबाईल बाहेर काढला की बाईसाहेब पाठ फिरवायच्या. समोर गेलो की पंजा चाटायच्या. फ्लॅश मारला तर नुसते दोन हिरवे बल्ब. पलंगाखाली आडवा झोपून काढला, त्यात शेपूट आणि माझीच चप्पल आली.
मोबाईलची मेमरी एवढीशी. हललेले फोटो डिलीट करून पुन्हा पहिल्यापासून.

अप्पा रिक्षा धुता धुता मजा बघायचे.

"आरं, ती काय आधार कार्ड काढाला बसलीय? घे फटक्यात."

"वर बघतच नाही, अप्पा."

"पनवेलची हाय ती. हितल्या रिक्षांवानी मीटरवर नाय चालत."

एका रविवारी त्यांनाच दया आली. रिक्षाच्या मागच्या सीटवर बनियनवर बसले, मांदेलीला मांडीवर घेतलं, तळहातावर जवळा ठेवला. "हा घे. आता हलत नाय."

हलली नाही. पण तोंड जवळ्यात. फोटोत तिचे दोन कान आणि पाठ. आणि अप्पा, मान खाली घालून तिच्याकडे बघत हसतायत.

मी वैतागलो. "अप्पा, तिचा पाहिजे होता. तुम्हीच आलात सगळे."

"मंग मला काप नि तिला ठेव. हाय काय त्यात?"

तो फोटो मी डिलीट केला नाही. ताईला पाठवलाही नाही. म्हटलं, अजून एक बरा मिळेल.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी अप्पा गेले. स्टँडवर, रिक्षात बसल्या बसल्या.

तेराव्याला फ्रेम हवी होती. घरात त्यांचा फोटोच नाही. लायसन्सवरचा इतका जुना की आईलाही ओळखू येईना. शेवटी मीच मोबाईल घेऊन स्टुडिओत गेलो आणि तोच, रिक्षातला फोटो दिला. एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी फ्रेम मिळाली.

मागे निळं आभाळ. अप्पांच्या अंगात काळा ब्लेझर, लाल टाय. मांडी नाही, रिक्षा नाही, मांदेली नाही.

स्टुडिओवाला आपलेपणानेच म्हणाला, "मांजर काढून टाकलं. सगळं क्लीन करून दिलंय."

आईने फ्रेम हातात घेतली. "हे कोन? बँकेचा मॅनेजर?"
मग पदराने काच पुसत म्हणाली, "लग्नात पन कोट नाय घातला ह्यांनी."

परत करून आणायला वेळ नव्हता. माणसं यायला लागली होती. हार घातला आणि भिंतीवर लावला.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, नजर खाली का? एक काका म्हणाले, "नामस्मरण चाललंय. चेहऱ्यावर बघा किती समाधान आहे."

आई हळूच ताईला आणि मला म्हणाली, "मांजराला बघतायत."

पुढच्या पावसाळ्यात तो मोबाईल भिजला. कार्डही गेलं. आज फोनवर बोलून झाल्यावर स्टुडिओत जाऊन आलो. तिथे आता मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. जुन्या कॉम्प्युटरबद्दल विचारलं, तर पोरग्याने विचारलं, "रिचार्ज कितीचा?"

घरी आलो. दमलो होतो. पलंगावर आडवा झालो आणि समोर फ्रेम.

उठलो. हार बाजूला केला आणि फ्रेमचाच फोटो काढायला लागलो. काचेत ट्यूबलाइट दिसायची, नाहीतर मीच दिसायचो. ट्यूब बंद केली, खिडकी उघडली, पुन्हा काढला. आई दारातून बघत होती.

बऱ्यापैकी आला तो ताईला व्हॉट्सॲप केला.

ताईचं उत्तर आलं : "हे तर अप्पा आहेत."

मी लिहिलं : "ते कुठे बघतायत ते बघ."

दोन निळ्या टिका आल्या. मी तीनदा फोन उघडून बघितला. वाटलं, उगाच पाठवला.

मग आलं : "जवळा खातेय ना रे?"

"हो."

"मग नाही बघणार वर."

तोच फोटो इथे टाकतोय. ब्लेझरकडे लक्ष देऊ नका. अप्पांची नजर जिथे पडतेय, तिथे मांदेली आहे.

मांदेली, तुला आम्हा तिघांकडून श्रद्धांजली.

आता तरी मान वर कर.
अप्पा कधीपासून बघतायत.