अण्णांनी झाकलेला डाग

मधुकरअण्णा गेल्याचा निरोप त्यांच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. महिना उलटला, तरी कामाला बसलो की माझे पाय हलत राहतात, चहा अर्धाच राहतो... माणूस गेला आणि माझं त्यांच्याशी भांडण तसंच राहिलं.

पर्वत पाटियाच्या कापडबाजाराजवळ साड्यांचे कॅटलॉग करणाऱ्या दुकानात आम्ही शेजारी बसायचो. अण्णा अमळनेरकडचे, आधी हातानं साड्यांची नक्षी काढायचे. पंचेचाळिशीत फोटोशॉप शिकले. साडीमागचा पसारा मी इरेझरनं सरळ पुसायचो. शेठ ‘जल्दी करो’ म्हणत डोक्यावर उभा, मी तरी काय करणार? अण्णा मात्र मास्क लावायचे. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढा भाग दिसेनासा होतो, पांढरा फिरवला की जसाच्या तसा परत. "पुसू नको भो, झाकी ठेव," म्हणायचे. "उद्या तेच मागतील." त्यांच्या जड फायलींनी संगणक बैलगाडीसारखा चाले. दिवाळीच्या घाईत मी तोडून बोललो, "अण्णा, तुमचा कशावर विश्वासच नाही!" ते नुसते हसले.

तेराव्यासाठी फोटो हवा होता. ओठाखाली कोडाचा पांढरा डाग, म्हणून अण्णा कॅमेऱ्यासमोर उभेच राहत नसत. दुकानातल्या संगणकावर एकच सापडला... मुलगी सुषमासाठी आलेल्या स्थळाला पाठवलेला, तिघांचा. त्यात डाग नव्हता. कोड म्हटलं की सोयरीक मोडते, हे कुणाला सांगायला नको. बरंच झालं म्हणत मी अण्णांचा चेहरा मोठा करून छापला आणि घरी नेला. वहिनी बघतच राहिल्या.

"हे ते नाहीत, भाऊ."

 अण्णांना फक्त फोटोत पाहिलेली मुलाकडची मंडळीही तेराव्याला येणार होती. खरा चेहरा लावला तर स्थळ जाणार. खोटा लावला तर वहिनी रोज परक्या माणसाला हार घालणार. सुषमा उठली. "चला काका, दुकानात. मूळ फाइल शोधू."

फाइल उघडली. खाली डाग रंगवून टाकलेली प्रत, वर मूळ फोटो आणि त्याच्या मास्कवर काळ्या ब्रशचा एवढासा ठिपका. स्वतःचा डागसुद्धा त्यांनी पुसला नव्हता! माझ्या हाती असता तर केव्हाच कायमचा गेला असता... लाज वाटली मला. मी मास्क बंद केला. त्यावर लाल फुली आली आणि अण्णा परत आले. सुषमा ओढणी तोंडात धरून रडली.

तोच फोटो लागला. मुलाकडच्यांनी फुलं वाहिली, जेवले आणि चार दिवसांनी नकार कळवला. मी सुषमाला तोंड दाखवायचं टाळत होतो. काल तीच दुकानात आली, फाइल पाहायची म्हणाली. संगणकातली जागा रिकामी करा म्हणून शेठ मागे लागलाच होता. मी विचारलं, "मास्क काढून टाकू का गं? आता त्याचा काय उपयोग?"

"नको काका. फोटो टाळायचे, पण आयुष्यभर लोकांसमोर उघड्या तोंडानं वावरले. झाकलं ते फक्त माझ्यासाठी."

ती गेल्यावर मी शेठला सांगितलं, जागा हवी तर माझी कामं पुसा.