बोटुकलीचं रक्त आंबतं तेव्हा

मासा पाण्यातच जन्मतो, म्हणजे त्याला पाण्याचा त्रास तो काय असणार, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तुम्हालाही वाटत असेल, तर लाजू नका. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी माणसांना विचारून विचारून शिकले, आणि हे तर एका एस.टी.च्या प्रवासात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नागपुरात प्रताप नगरला राहायचो आणि शेती उमरेड रोडकडच्या गावात होती. शेतात एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. त्यात मासे वाढवायचे हे खूळ माझंच. आदल्या वर्षी मी बोटुकली नेली, बोटाएवढी रोहूची पिल्लं, आणि पिशव्या थेट बोडीत उलट्या केल्या. संध्याकाळपर्यंत सगळी पांढरी पोटं वर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, काठावरून एवढंच म्हणाले, "पुढच्या साली बी असंच झालं, तर बोडी बुजवून तूर पेरीन." मामाजी बोलले की करायचे.

म्हणून या खेपेला मत्स्यबीज केंद्रातल्या माणसाला मी सोडलंच नाही. काहून मेले, सांगा म्हटलं. बिचारा समजावत बसला. "बाई, आपण श्वासातला वायू हवेत सोडतो, मासा कल्ल्यांतून पाण्यात सोडते. सोडावॉटरात असते ना, तोच वायू. पिशवीचं तोंड बांधल्यावर तो जाईन कुठं? पाणी आंबट होते, अन् मागून माशाचं रक्तही."

"मग तो वाटेतच मरत काहून नाही?"

"लढते ना. आपण धापा टाकून वायू काढून टाकतो, त्याले पाण्यात ते साधत नाही. तो कल्ल्यांतूनच आंबटपणा बाहेर ढकलते अन् उरलेला मारायले रक्तात खार जमा करते. पण त्याले तास लागतात. तुमी गेल्या साली ओतले एकदम. खार जमवून बसलेलं रक्त नव्या पाण्यात लगेच दुसऱ्या अंगाले, खाराकडं, कलते, अन् मासा मरते. हळूहळू सवय करा. अन् पोट रिकामं पाहिजे, बरं. खाल्लेला मासा जास्त वायू सोडते, घाणही करते."

त्यानं मला दोन निळ्या कागदाच्या पट्ट्याही दिल्या. पाणी आंबट असलं की पट्टी लाल होते, म्हणे. मी त्या पोलक्यात खोचल्या आणि सही करायला आत गेले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, बाहेर पिल्लांच्या हौदाच्या काठावर बसल्या होत्या. एकीनं एक डबा धरावा म्हणून त्यांना सोबत आणलं होतं.

दोन पत्र्याचे डबे, प्रत्येकात ऑक्सिजन भरून बांधलेली पिशवी. तासाभराचा रस्ता. पण छोट्या लाईनचं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं, फाटक लागलं आणि एस.टी. उभी राहिली ती राहिलीच. मालगाडी येणार, येणार, आणि येईना. मी डब्याचं झाकण उचललं. पिशवीतलं पाणी गढूळ झालेलं, पिल्लं वरच्या बाजूला तोंड उघडझाप करत होती. मधे पांढरे कण तरंगत होते.

"आत्याबाई, हे काय आहे?"

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "पोळी."

"पोळी?"

"तू आत सही करून राहिली होती. म्या बसल्या बसल्या हौदात अर्धी पोळी कुस्करली. गावाले चाललेल्या जीवाले उपाशी कसं धाडावं वं?"

"पण त्या माणसानं सांगितलं होतं."

"तुले सांगतलं. मले कोणी सांगतलं?"

आमच्या घरून कुत्रंसुद्धा उपाशी गेलं नव्हतं. पिशवी सोडावी तर ऑक्सिजन जाणार, न सोडावी तर वायू साठणार. मी माझा टॉवेल प्यायच्या पाण्यात भिजवून पिशवीला गुंडाळला. गारव्यात मासा कमी श्वास घेतो, एवढं मला माहीत होतं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "काकू, तळायचे असतीन तर बसमध्ये स्टोव्ह नाही." आत्याबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो उमरेडपर्यंत गप्प बसला असावा. आम्ही आधीच उतरलो.

मामाजी बोडीवर वाटच पाहत होते. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून मी त्यांची तोंडं सोडली, पट्टी बुडवली. निळी होती ती लालसर झाली. तळाशी दोन पिल्लं आडवी झालेली दिसत होती.

"ओत ना वं पोरी. मरून राहिले," मामाजी म्हणाले.

"अर्धा तास द्या, मामाजी."

"अर्ध्या तासात राहतीन का?"

मी बोडीचं पाणी लोट्यानं पिशव्यांत घालू लागले. एक लोटा, मग थांबायचं. आणखी एक आडवं झालं. खोटं कशाला सांगू? आता ओतून टाकावं असं मलाही वाटत होतं. मामाजी चपला काढून पाण्यात उतरले आणि त्यांनी दुसऱ्या पिशवीला हात घातला.

"थांबा जी," आत्याबाई म्हणाल्या. "मागच्या साली ओतलेच होते ना. काय मिळालं?"

मामाजींनी हात काढून घेतला. लोट्यावर लोटा चालू राहिला. मग मी पिशव्यांची तोंडं पाण्याखाली कलती केली. पिल्लं बाहेर येईनात. बऱ्याच वेळानं एक गेलं, मग चार, मग उरलेली काळी रेघ ओढावी तशी गेली.

अंधार पडेपर्यंत मामाजी काठानं फिरत होते. मेलेली वेचून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. पसाभरही नव्हती.

"हे गेले. बाकीचे?"

"आत आहेत."

"दिसत तं नाही."

"दिसत नाहीत म्हणूनच आहेत, मामाजी."

सकाळी मी चहा द्यायला गेले तर मामाजी पुन्हा बोडीवरच. पाण्यावर एकही पांढरं पोट नव्हतं. चहा संपवून कप परत देताना म्हणाले, "तूर वरच्या वावरात पेरतो."