दुरुस्तीची चिठ्ठी

सूड मी घेतला, आणि घेताना मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा आडवळणं घेत बसेन.

नव्वदच्या दशकातली, भिलाईतली गोष्ट. कॉलेजात आम्ही दोघं फिजिक्सचे लेक्चरर, दोघंही विदर्भातल्या घरचे, दोघंही पीएचडीला लागलेले. विषयही सारखाच: काही शे अणूंची सोन्याची तार कॉम्प्युटरवर उभी करायची, ताणायची आणि ती कशी तुटते ते बघायचं. तो स्टील प्लांटच्या कॉलनीतल्या सेक्टरमधला, साहेबाचा मुलगा. माझे वडील त्याच प्लांटात खलाशी, म्हणजे ओझी वाहणारे मजूर, घर रुआबांध्याच्या वस्तीत. एवढं गणित झेपेल असा कॉम्प्युटर कॉलेजात एकच, आणि रविवारी तो माझ्या नावावर असायचा.

एकदा, एकदाच, मी त्यावर बहिणीची कुंडली काढली. हा स्टाफरूममध्ये विभागप्रमुखांसमोर हसत म्हणाला, "सर, हा तार-बीर काही नाही करून राहिला. ह्यानं तं ज्योतिषाचं दुकान खोललं!" सगळे हसले. पुढच्या आठवड्यात रविवार त्याच्या नावावर झाला.

तोंडावर उलटून बोलणं मला कधी जमलंच नाही.

अणू एकमेकांना किती ओढतात, याचे आकडे असल्याशिवाय तार उभी राहत नाही. ते आकडे ज्या पेपरात होते तो भिलाईत काय, रायपूरलाही मिळाला नाही. प्रत पाठवा म्हणून मी परदेशातल्या लेखकाला कार्ड टाकून ठेवलं होतं. चार महिन्यांनी पाकीट आलं. आत पेपर आणि लेखकाची छोटी चिठ्ठी: तक्त्यातला एक आकडा चुकीचा छापला गेला आहे, दुरुस्त करून घ्यावा.

पाकिटाचा सुगावा लागताच तो स्कूटरवर घरी आला. "अबे, दे न तो पेपर. तुले आता मशीनच नाही, मंग काय त्याची आरती करतं?"

मी पेपर दिला. चिठ्ठी काढून घेतली.

त्याची तार ताणायच्या आधीच गोळा व्हायची. दर सोमवारी त्याचं तोंड बघायला मी मुद्दाम लवकर जायचो. त्याने प्रोग्राम दोनदा नव्याने लिहिला. शेवटी प्रिंटआउटचा भारा घेऊन माझ्याकडेच आला. "यार, तूच पाय. मले तं काही दिसूनच नाही राहिलं." आईने पोहे दिले. मी ओळ न् ओळ तपासली. "प्रोग्राममध्ये चूक नाही," म्हणालो. खरंच होतं ते.

"मंग मीच बेकार आहो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः विभागप्रमुखांना सांगून रविवार मला परत दिला. "कुंडलीचं मी गंमत म्हणून बोललो होतो, सर," असंही म्हणाला, माझ्यादेखत. मला उलट रागच आला. इतक्या स्वस्तात सुटू पाहतो, वाटलं.

पहिल्याच रविवारी मी बरोबर आकडा घातला. तार उभी राहिली. ताणली तशी मधे बारीक होत गेली, आणि तुटली. त्याची पीएचडीची मुदत संपायला तेव्हा दीड महिना होता. आकडा सांगितला असता तर तेवढ्यात त्याचं काम झालं असतं. मी मनात हिशेब करून पाहिला होता. दुपारी कुलूप लावून सायकलने त्याच्या सेक्टरमधून निघालो. फाटकाशी तो स्कूटर पुसत होता.

"तार उभी राहिली का?" त्याने विचारलं.

"बघू," म्हणालो, आणि थांबलो नाही.